एकपानी अर्ज



ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पुष्कळ मंडळींनी वागळे इस्टेट पाहिलेली असते ती पासपोर्टच्या निमित्ताने. ऑफिसबाहेरची रांग, हातात झेरॉक्सची फाइल, आणि काम झालं की रिक्षा पकडून स्टेशन. मी त्याच इस्टेटच्या कडेला, किसननगरात वाढलो. पुढे वकील झालो, आणि गेली वीसेक वर्षं फोर्टातल्या एका लॉ फर्ममध्ये ट्रेनी मुलामुलींचे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आहे. आज त्याविषयी थोडं बोलतो.

मे महिन्यात इस्टेटलगतच्याच रामनगरचा एक मुलगा घरी आला. लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सचं चौथं वर्ष. चाळीस फर्मना अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. "काका, ओळख लागते," म्हणाला. लागते, काही ठिकाणी नक्की लागते. नाही म्हटलं तर मी खोटं बोलेन. पण म्हटलं, आधी अर्ज दाखव.

तीन पानं होती. पहिल्यावर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. उंची आणि रास तेवढी राहिली होती, नाहीतर वधूवर सूचक मंडळात चालला असता. आपल्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचा, आणि नोकरीचाही त्याच साच्यातून निघतो. दुसऱ्या पानावर आपण कष्टाळू, वक्तशीर आणि शिकण्यास उत्सुक असल्याचं लिहिलं होतं. तिसऱ्यावर, वरील माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा आणि सही. आणि हे सगळं एकाच ईमेलने चाळीस जणांना गेलं होतं. प्रत्येकाला बाकीच्या एकोणचाळीस जणांचे पत्ते दिसत होते.

अर्ज वाचणारा काय शोधत असतो, ते सांगतो. एखादी कंपनी जमीन विकत घेते. तिच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च घ्यायचा असतो. सूची क्रमांक 2 चे उतारे, सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड असा गठ्ठा येतो. तो ट्रेनीसमोर ठेवतात आणि विचारतात, यात काय नाही? काय आहे ते कोणीही सांगेल. मधला एक फेरफार गायब आहे, वारसांतल्या एका बहिणीची सही नाही, हे ज्याच्या नजरेला येतं तो कामाचा. मग ज्याच्या स्वतःच्या एका पानात तीन चुका आहेत, त्याच्या हातात असा गठ्ठा कोण देईल?

मी त्याला सहज विचारलं, सुट्टीत काय करतोस? "काही नाही, काकांच्या गाळ्यावर बसतो." काकांचा रोड नंबर 22 च्या बाजूला लेथचा गाळा, जॉबवर्क करतात. एका पार्टीने वर्षभर पैसे दिले नव्हते. या मुलाने सगळी बिलं आणि डिलिव्हरी चलनं काढली, एकेक ताडून पाहिली. सतरा बिलं. तीन चलनांवर माल मिळाल्याची सहीच नव्हती. ती त्याने बाजूला ठेवली. उरलेल्या चौदांचा तक्ता केला आणि लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याखाली समाधान पोर्टलवर काकांच्या नावाने तक्रार टाकली. त्या कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले, तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. हे तो मला घडाघडा सांगत होता.

"आणि हे अर्जात कुठे आहे?"

"ते काय लिहायचं काका? ते घरचं काम."

श्रोतेहो, मला बोलायचंय ते या 'घरच्या कामा'बद्दलच. एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. इथल्या भूखंडाला आपण सरसकट मालकीचा म्हणतो, पण तो असतो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. विकायचा तर एमआयडीसीची परवानगी हवी, हस्तांतरणाचं शुल्क हवं. आज जिथे आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे आमच्या लहानपणी पाळीचे भोंगे वाजायचे. हा बदल काही आपोआप झाला नाही. त्याच्यापाठी करारांचे, कर्जांचे, कामगारांच्या देण्यांचे गठ्ठे आहेत. आमच्या बाबांची कंपनी बंद झाली तेव्हा त्यांनी हिशेबाचा कागद घरी आणून माझ्यासमोर ठेवला होता: "वाच, आणि कुठे सही करायची ते सांग." कमर्शियल लॉ, कमर्शियल लॉ म्हणतात तो हाच. पण या गल्ल्यांत वाढलेली मुलं अर्जात वादविवाद स्पर्धेचं उत्तेजनार्थ पारितोषिक लिहितात आणि गाळा लपवतात.

आम्ही दोघांनी बसून गाळ्यावरच्या त्या कामाचा परिच्छेद लिहिला. चार वाक्यं. किती बिलं, काय ताडलं, कोणती तीन वगळली आणि का. 'मी केस लढवली' असलं काही नाही. समोरच्या पार्टीचं नावही नाही. अशिलाची गोष्ट बाहेर बोलू नये हे ज्याला न सांगता कळतं, त्याच्याकडे माझ्यासारखा वाचणारा दुसऱ्यांदा बघतो.

मग प्रश्न आला, तुमचीच फर्म का? इथे बहुतेक मुलं फर्मच्या वेबसाइटवरची विशेषणं उचलून त्यांनाच परत पाठवतात. वकिलांना आपल्याकडे जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे त्या वेबसाइटवर मुळात फार काही मिळत नाही. त्यापेक्षा वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचा. 'आमचे अशील खालील मिळकत खरेदी करू इच्छितात, कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे', आणि खाली फर्मचं नाव, पत्ता. घोडबंदरची, भिवंडीची, कल्याण शीळ रस्त्याची जमीन कोण तपासतंय ते तिथे छापलेलं असतं. महिनाभर कात्रणं ठेवलीत, तर कोणाला काय लिहायचं ते आपोआप सुचेल. चाळीसऐवजी सहा अर्ज होतील, ते बरंच.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. इंग्रजी नीट हवंच, त्यात सूट नाही. साधं, छोट्या वाक्यांचं, दुसऱ्या कोणीतरी एकदा तपासलेलं. पण फेरफार मराठीत असतो. जुनी खरेदीखतं मराठीत असतात, फारच जुनी असली तर मोडीत. ती वाचून इंग्रजीत गोषवारा करता येणारी माणसं मोठ्या फर्ममध्येही मोजकीच असतात. तेव्हा 'भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढ्यावर थांबू नका. सातबारा आणि फेरफार वाचून त्याचा सारांश करता येतो, असं लिहा. येत नसेल तर आधी शिका, तलाठ्याच्या कार्यालयात दोन सकाळी घालवा.

तारखा स्पष्ट द्या. बार कौन्सिलच्या नियमाने तीन वर्षांच्या कोर्सला एकूण 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. 'केव्हाही उपलब्ध' असं लिहिणाऱ्याने हा नियम वाचलेला नसतो. सॉलिसिटर व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीच्या परीक्षेआधी एखाद्या सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकलशिप करावी लागते. तो अर्ज वेगळा लिहायचा.

माझ्या स्वतःच्या पहिल्या अर्जाची गत सांगतो. टायपिंग क्लासच्या मशीनवर रात्री बसून मी दोन फर्मना दोन पत्रं टाइप केली. मायना बदलला, पण शेवटच्या ओळीत पहिल्याच फर्मचं नाव राहिलं. दुसऱ्या फर्मने पत्र परत पाठवलं, त्या नावाखाली लाल पेन्सिलने एक रेघ ओढून. बाकी एक शब्द नाही. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

रामनगरच्या मुलाला सहांपैकी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एका ठिकाणी घेतलं, चार आठवड्यांसाठी. पार्टीने काकांचे पैसे मात्र अजून दिलेले नाहीत.

अर्ज पाठवण्याआधी त्यावरचा मोबाइल नंबर दुसऱ्याच्या फोनवरून एकदा लावून बघा. गेल्या वर्षी एका मुलीला घ्यायचं आम्ही नक्की केलं होतं. तिच्या नंबरात नऊच आकडे होते. ईमेल केला, तो तिने दहा दिवसांनी पाहिला, आणि तोवर जागा भरली होती.