‘सगळेच घेतात’

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सप्टेंबर 2023 मधली गोष्ट. दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा चालू होती. ‘नाडा’चे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे लोक जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आल्याची कुणकुण लागली आणि खेळाडू पसार होऊ लागले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीच्यांच्या पायात म्हणे गोळे आले होते. स्टीपलचेसमधली एक मुलगी तर शर्यत संपल्यावरही पळतच राहिली, कारण मागे तपासणी अधिकारी होता.

तुम्ही हसलात. बातमी वाचताना मीही हसलो होतो. पळाला तो प्रत्येक जण दोषी, असं अर्थातच म्हणता येणार नाही. पण यात ऑलिंपिकचं पदक कुठंच नव्हतं. होतं ते राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र, आणि त्याच्या आधारावर क्रीडा कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत, लष्करात लागू शकणारी नोकरी. घरातला पहिला पगार ज्या कागदावर अवलंबून आहे, त्या कागदासाठी माणूस काय करेल, हा प्रश्न शरीरशास्त्राचा नाही.

दुसरी गोष्ट अशी, की भीती होती ती तपासणीची. औषधाची भीती असती तर पळायची वेळच आली नसती. आपला सगळा बंदोबस्त मात्र तपासणीभोवती उभा आहे. ‘वाडा’ ही जागतिक संस्था 1999 मध्ये स्थापन झाली, आपली ‘नाडा’ 2009 पासून कामाला लागली, 2022 मध्ये आपण कायदाही केला. 2023 मध्ये भारतात 5606 नमुने तपासले गेले आणि 213 दोषी निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. तपासणी हवीच, तिच्याविरुद्ध मी नाही. पण तिच्या जाळ्यात किती मासे येतात ते पाहा. 2011 मध्ये दक्षिण कोरियात देगू इथल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत संशोधकांनी खेळाडूंना उत्तर देणारा कोण हे कळूच नये अशा पद्धतीनं विचारलं : गेल्या वर्षभरात तुम्ही उत्तेजक घेतलं का? उत्तरांवरून अंदाज निघाला सुमारे 44 टक्के. जगभरच्या प्रयोगशाळांत दरवर्षी सापडतात ते एक टक्क्याच्या आसपास.

हा आकडा मी तुम्हाला सांगितला खरा, पण एखाद्या सतरा वर्षांच्या धावपटूपुढे तो सांगताना मी दहादा विचार करेन. तुम्हा-आम्हाला त्यात धोक्याची घंटा ऐकू येते. त्याला ऐकू येतं : ‘सगळेच घेतात.’ आणि डोपिंगच्या मानसशास्त्रात याच्याइतकं घातक वाक्य दुसरं नाही. जे स्वतः घेतात ते इतरांच्या घेण्याचा अंदाज नेहमी चढाच करतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मनाची सोयच असते ती.

कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन आठवतो ना? सोल, 1988. शंभर मीटर 9.79 सेकंदांत, आणि तीन दिवसांत सुवर्णपदक परत. पुढच्या वर्षी कॅनडात न्यायमूर्ती डुबिन यांच्यापुढे चौकशी झाली. तिथली प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांची साक्ष मला शर्यतीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता : जगातले अव्वल धावपटू घेतात, न घेणारा त्यांच्या एक मीटर मागून सुटतो. म्हणजे आपण फसवत नाही, बरोबरी करतो! 1981 मध्ये हा हिशेब त्यांनी जॉन्सनला मांडून दाखवला. पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्या वयात गुरू गणित मांडून दाखवतो, तेव्हा उत्तर तपासून पाहणारे किती?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं अशा हिशेबांची उत्तम चिकित्सा केली आहे. माणूस आपली सदसद्विवेकबुद्धी फेकून देत नाही, तिला थोडा वेळ बाहेर बसवतो. त्याच्या काही युक्त्या असतात. जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची : ‘सरांनी दिलं.’ तुलना करायची : ‘तो तर इंजेक्शनं घेतो, मी फक्त गोळी.’ नाव बदलायचं. पूर्व जर्मनीत कोवळ्या मुलींना स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या जात. आपल्या जिममध्ये तेच ‘कोर्स’ होतं. कोर्स म्हटलं की कसं अभ्यासाचं वाटतं.

डेव्हिड मिलर या ब्रिटिश सायकलपटूची हकीकत याहून सूक्ष्म आहे. हा मुलगा डोपिंगच्या कट्टर विरोधात होता. पण सायकलिंगच्या संघांत थकवा घालवण्यासाठी जीवनसत्त्वांची, पूर्णपणे कायदेशीर इंजेक्शनं टोचण्याची रीत होती. सुईची सवय आधी लागली, सुईतलं द्रव्य नंतर बदललं. 2004 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. परत आल्यावर त्यानं हे सगळं उघडपणे मांडलं. निर्णयाचा एकच एक क्षण शोधायला गेलात तर तो सापडत नाही. उतार सापडतो.

म्हणून मला आवडलेला प्रतिबंधाचा उपाय औषधांच्या यादीतला नाही. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानं वैद्यकीय गरजेशिवाय इंजेक्शनच घ्यायचं नाही, असा नियम केला. आत काय आहे हा प्रश्नच नाही. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत असाच नियम होता, आणि तो मोडला म्हणून दोन भारतीय खेळाडूंना घरी पाठवलं गेलं. आपल्याकडे बरेच जण चिडले : एका सुईपायी एवढं? हो, एका सुईपायी.

मग भीती घालून काही होतं का? अमेरिकेत ओरेगॉनमध्ये लिन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी फुटबॉलपटूंवर हे तपासलं. स्टेरॉइडचे फक्त दुष्परिणाम सांगून काही साधलं नाही. मुलांनी जिममधले दंड पाहिलेले असतात. ‘यानं काही फायदा होत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरावर ती विश्वास ठेवत नाहीत. मग त्यांनी ‘ॲटलस’ नावाचा कार्यक्रम आखला. संघातल्याच मुलांचे छोटे गट, म्होरक्या त्यांच्यातलाच, सोबत त्यांचाच प्रशिक्षक. ताकद कशी वाढवायची, काय खायचं, कुणी गोळी पुढे केली तर नाही कसं म्हणायचं, हे सगळं करून बघायचं. घेण्याचा इरादाही कमी झाला, नव्यानं घेऊ लागणारेही घटले. कारण त्या गटात ‘सगळेच घेतात’ हे वाक्य टिकत नव्हतं. शेजारी बसलेला घेत नव्हता.

आपल्याकडे तोच प्रशिक्षक अनेकदा दुखणं असतो. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत चार गुणिले चारशेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी दोषी आढळल्या. परदेशी प्रशिक्षकानं दिलेल्या पूरक आहारातून ते आलं, असं त्यांचं म्हणणं. प्रशिक्षकाला काढलं, पण बंदी भोगली मुलींनीच. नियमच तसा आहे : शरीरात सापडलं तर जबाबदार खेळाडू. तपासणीसाठी तो योग्यही आहे. पण प्रतिबंधाचा विचार करताना औषध सुचवतं कोण, आणणारा कोण, गप्प बसणारा कोण, इकडे पाहावं लागतं.

माझी एक साधी मागणी आहे. पदक मिळालं की प्रशिक्षकालाही रोख बक्षीस मिळतं, मिळावंच. त्यातला निम्मा भाग तीन वर्षं राखून ठेवा. तेवढ्यात त्याच्या हाताखालचा कुणी दोषी सापडला नाही तर व्याजासकट द्या. आज खेळाडूवर चार वर्षांची बंदी येते आणि सर पुढच्या सोमवारी नवी पोरं घेऊन मैदानावर हजर असतात. माझी मागणी अन्यायाची आहे, एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला दंड का, असं काहींना वाटेल. क्रीडाशिक्षक मंडळी दुसऱ्या रांगेत बसलेली मला दिसताहेत, त्यांतले दोघे मघापासून माना हलवताहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू.