हुबळीचे देशपांडे
(वडीगोद्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)

आपल्या फाट्यावर उभं राहून पाहा. एक रस्ता अंबडवरून जालन्याला जातो. मोठा रस्ता बीड, सोलापूर, विजापूर करत थेट हुबळीला पोचतो. त्या हुबळीच्या एका माणसाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचं नाव गुरुराज देशपांडे. त्यांनीही रस्तेच बांधले म्हणा ना! पण ते गाड्यांचे नव्हते, संगणकांचे होते.

त्यांचा जन्म १९५० सालचा. हुबळी तेव्हा मुंबई राज्यात होती. मद्रासच्या आयआयटीत ते इंजिनिअर झाले. कॅनडात जाऊन डॉक्टरेट मिळवली. मग मोटोरोलाच्या एका कंपनीत नोकरी धरली. पण आपला स्वतःचा धंदा असावा, असं मनात होतं. नोकरी सोडून त्यांनी भागीदारीत कोरल नावाची कंपनी काढली. भागीदाराशी पटलं नाही. देशपांडे बाहेर पडले. पहिला डाव हुकला.

ते खचले नाहीत. १९९० साली त्यांनी अमेरिकेत कॅस्केड कंपनी काढली. तिचं काम काय? समजा, एखाद्यानं सबंध रस्ता भाड्यानं घेतला. त्याची गाडी दिवसातून एकदा जाते. बाकी वेळ रस्ता रिकामा, तरी दुसऱ्याला बंदी! दूरच्या दोन कचेऱ्यांचे संगणक जोडायचे, तर पूर्वी तारेची सबंध लाइन अशीच भाड्यानं घ्यावी लागे. नव्या रीतीत निरोपाचे तुकडे करतात. दर तुकड्यावर पत्ता घालतात. सगळ्यांचे तुकडे एकाच तारेतून धावतात. तारा मिळतात तिथं एक यंत्र असतं. त्याला स्विच म्हणतात. ते पत्ता पाहतं आणि तुकडा योग्य वाटेला लावतं. तारांचा फाटाच तो! असे स्विच कॅस्केड तयार करी. १९९७ साली ही कंपनी ३७० कोटी डॉलरना विकली गेली.

१९९८ साली त्यांनी सिकॅमोर कंपनी उभी केली. काचेच्या तारेतून उजेडाच्या मदतीनं निरोप नेणारी यंत्रं ती करी. १९९९ च्या ऑक्टोबरात तिचे शेअर बाजारात आले. ३८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी १८४ डॉलरवर गेला. लोक तुटून पडले. पण तेव्हा कंपनीला गिऱ्हाईक एकच होतं! पुढं टेलिफोन कंपन्यांनी खरेदी आवरली. दोन वर्षांत शेअर १० डॉलरच्याही खाली आला. चढ्या भावानं घेणारे बुडाले. २०१३ साली भागधारकांनी कंपनी मोडायचं ठरवलं.

आपल्याकडं वेगळं काय घडतं? एका वर्षी मोसंबीला भाव येतो. आपण कर्ज काढून बाग वाढवतो. बाग फळाला येईतो भाव उतरलेला असतो. कर्ज मात्र उतरत नाही.

देशपांड्यांजवळ विद्या राहिली, कमाईही राहिली. तिच्यातून त्यांनी संस्था काढली. ही संस्था हुबळीकडच्या तरुणांना कामाचं शिक्षण देते, शेतकऱ्यांना शेततळी करायला मदत करते.

बंधू-भगिनींनो, धंदा जरूर करा. हुकला तर पुन्हा करा. भाव आपल्या हातात नसतो, पण विचारणं आपल्या हातात असतं. गिऱ्हाईक किती? कर्ज किती? डाव हुकला तर घर कसं चालेल? आता आपला अंगठा सुटला, सही आली. तेव्हा हे तीन प्रश्न आधी वहीत लिहा. त्यांची उत्तरं लिहा. कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर करा.