सैनिक दारी येतो तेव्हा



पहिली पाळी आटोपून, घरी डबा ठेवून तुम्ही तडक या मांडवात येऊन बसला आहात. अशा श्रोत्यांपुढे पाल्हाळ लावणे हा अपराध होईल, म्हणून एकदम विषयालाच हात घालतो.

‘सैन्य आणि समाज’ असे म्हटले की आपली दृष्टी हिमालयाकडे वळते. मला आज तितके लांब जायचे नाही. आपले हे नगर सैन्याच्या कुशीतच वाढले आहे. दापोडीला लष्करी अभियंत्यांचे महाविद्यालय आहे, खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे आणि 1869 सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर देहूरोडची छावणी आहे. निगडी-तळवड्याकडच्या आणि दिघी-भोसरीकडच्या मंडळींना ‘रेड झोन’ हे दोन शब्द तर सातबाऱ्याइतके पाठ आहेत! तेव्हा सैनिक हा आपला शेजारी आहे. प्रश्न एवढाच, की हा शेजारी सीमेवर न जाता आपल्याच दारी येतो तेव्हा तो कोणाच्या हुकमाने येतो, कशासाठी येतो आणि परत केव्हा जातो?

याचे पहिले उत्तर आपल्या चिंचवडनेच इतिहासात लिहून ठेवले आहे. 1897 साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोग खरा होता आणि त्यावर उपाय करणे भागच होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु सरकारने उपाय कोणता योजला? घरोघरच्या झडतीसाठी गोरे सोजीर पाठविले. माजघर, देवघर, बायकांची खोली यांचा विधिनिषेध उरला नाही. लोकांनी अर्ज केले, टिळकांनी ‘केसरी’तून लिहिले, परंतु ऐकून घेणारे कोणी नव्हते. पुढे 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चिंचवडच्या चापेकरांच्या घरातील तीन सख्खे भाऊ पुढे फासावर गेले. हे तुम्हांला मी काय सांगावे? त्यांच्या नावाच्या चौकातून तुम्ही रोज जाता-येता.

पण एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. रँड हा लष्करी अधिकारी नव्हता. तो मुलकी अधिकारी होता. म्हणजे सैन्य मुलकी अधिकाऱ्याच्या आज्ञेत होते, आणि तरीही अनर्थ झाला! कारण तो मुलकी अधिकारी लोकांना जबाबदार नव्हता. सैन्य मुलकी सत्तेच्या ताब्यात हवे, एवढे म्हणून भागत नाही. ती मुलकी सत्ता लोकांच्या ताब्यात हवी.

आता दुसरे चित्र पाहा. 1961 सालचा जुलै महिना. पानशेतचे धरण नवे होते, पाऊस कोसळत होता आणि बांध खचू लागला होता. त्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचीत होते. धरण अखेर 12 जुलैच्या सकाळी फुटलेच. पण जे मध्यरात्री व्हायचे ते उजाडल्यावर झाले, आणि त्या काही तासांनी किती जीव वाचविले याची गणती कोण करणार? त्या पुण्याच्याच रस्त्यांवर 64 वर्षांपूर्वी लोकांनी खाकी गणवेश पाहून दारे लावून घेतली होती. यावेळी त्याच गणवेशाकडे लोक आशेने पाहत होते. शिस्त दोन्ही वेळी होती. हुकूम पाळणेही दोन्ही वेळी होते. फरक हुकूम देणाऱ्यात होता आणि हुकमाच्या हेतूत होता.

आपल्या कायद्याने हा धडा बराचसा घेतला आहे. जमाव पांगविण्यासाठी सैन्य बोलवायचे ते दंडाधिकाऱ्याने. आणि सैन्याने बळ वापरायचे ते कमीत कमी, इजा करायची ती कमीत कमी, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. 1 जुलै 2024 पासून तिची जागा घेणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. आपत्तीसाठी तर आता स्वतंत्र दलच आहे. त्याची पाचवी तुकडी आपल्या शेजारी, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. 2014 च्या जुलैत माळीण गाव डोंगराखाली गडप झाले, तेव्हा चिखल उपसायला हेच जवान गेले.

तरीही आपली एक खोड जात नाही. काही अडले की आपण म्हणतो, “मिलिटरीला बोलवा!” 2017 च्या सप्टेंबरात मुंबईला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसे मेली. मग नवा पूल कोणी बांधला? सैन्याने, आणि 2018 च्या फेब्रुवारीत तो खुलाही केला. जवानांचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु भर शहरातला पादचारी पूल बांधायला सैन्य लागावे, ही त्यांची कीर्ती की आपली नामुष्की? सुतार आजारी पडला म्हणून शेजारी एखादे दिवस रंधा मारून देईल. रोज त्यालाच हाक मारली, तर आपले घर आपल्याला चालविता येत नाही असाच त्याचा अर्थ होतो.

आणि हा शेजारी ‘नाही’ म्हणू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. या मांडवात युनियनचे सभासद पुष्कळ असतील. पटले नाही तर तुम्ही गेटसभा घेता, मागणीपत्र देता. सैनिकाला युनियन नाही, पक्ष नाही, संप नाही. संविधानानेच संसदेला त्याच्या हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही, त्याच्यासाठी नागरिकाने बोलायचे असते.

म्हणून शेवटचा मुद्दा. मावळ, खेड, जुन्नरची पोरे पहाटे रस्त्याने धावताना तुम्ही पाहता. 2025 साली प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली. त्यामुळे आता त्या पोरांत पोरीही दिसू लागल्या, याचा आनंद आहे. परंतु 2022 सालच्या अग्निपथ योजनेने शिपायाच्या नोकरीचे रूप पालटले. चार वर्षे सेवा, त्यानंतर फार तर चौथा हिस्सा पुढे राहणार, बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन, पेन्शनवाचून, पंचविशीच्या आतबाहेर घरी परतणार. योजना बरी की वाईट, यावर मतभेद आहेत आणि ते असावेत. पण मुले परतणार, याबद्दल मतभेद नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 च्या सुमारास भरतात.

मध्यंतरी चाकणकडच्या एका कारखान्यात गेलो होतो. गेटवर नाव-गाव लिहून घेणारे गृहस्थ निवृत्त हवालदार निघाले, अभियंता दलातले. नदीवर रातोरात पूल टाकलेला माणूस! मी विचारले, “आत यंत्रावर का नाही घेतले?” ते हसून म्हणाले, “साहेब, कागद नाही ना आमच्यापाशी.” हात होते, कसब होते, फक्त आपल्या भाषेतला दाखला नव्हता.

पहारा देणे हे कमी प्रतीचे काम नव्हे. परंतु सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला आपण गेटवरचेच स्टूल दाखवीत असू, तर तो त्याचा नव्हे, आपला तोटा आहे. आयटीआय येथे आहेत, कारखाने येथे आहेत, कामगार संघटना येथे आहेत. त्या कसबाची परीक्षा घेऊन दाखला द्यायला अडचण ती कोणती? पुराच्या रात्री तो आपल्या दारी येतो, तेव्हा आपण त्याला ओवाळतो. चार वर्षांनी तो नोकरी मागायला दारी येईल, तेव्हा आपण दार किती उघडतो, यावरून या नगराची पारख होईल.