जुन्या स्कूटरचा भाव



वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. सातपूरच्या एखाद्या कामगाराने आपली जुनी स्कूटर शेजाऱ्यास विकली, तर तीवर हा कर नाही. नोंदलेल्या व्यापाऱ्याने ती त्याच्याकडून ४०,००० रुपयांस घेऊन ४५,००० रुपयांस विकली, तर वरच्या ५,००० वरच १८ टक्के, म्हणजे ९०० रुपये कर पडतो.

मग जुन्या मालाला कराची झळ ती कोणती? २२ सप्टेंबर २०२५ रोजी ३५० सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नोंदणी व विमा सोडून, मूळ ८०,००० रुपयांची गाडी १,०२,४०० ऐवजी ९४,४०० रुपयांस पडू लागली. नवी आठ हजारांनी उतरल्यावर जुनीला पूर्वीचा भाव कोण देणार? ऑगस्टमध्ये कर्ज काढून गाडी घेणाऱ्याची गाडी उतरली. हप्ते मात्र उतरले नाहीत.

कर कमी झाला याचे आम्हांस दुःख नाही. घेणाऱ्या गरिबाचे त्यात भलेच आहे. परंतु कर नव्यावर बसतो आणि भाव जुन्याचाही हलवतो, हे विकणाऱ्याने विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.