उन्हावर चालणारे रसायन



आखाडा बाळापुरात हळदीविषयी बोलणे म्हणजे आजोळी जाऊन मामाची ओळख करून देण्यासारखे आहे. तरी आरंभ तिच्यापासूनच करतो. लग्नातल्या हळदीचा डाग साबणाने जात नाही. उलट तांबडा होतो. मग घरातली वडील माणसे सांगतात, धोतर ओलेच उन्हात टाका. डाग फिका पडतो तो उष्णतेने नव्हे, प्रकाशाने. हळदीतले कुरकुमिन प्रकाश शोषते आणि मोडते. त्याच्या तुकड्यांत व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिनही सापडते.

प्रकाश मोडतो, तसा घडवतोही. शेतात राबणाऱ्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते, त्याची पहिली पायरी उन्हातले अतिनील किरणच पार पाडतात. तिथे ना भट्टी, ना धातू. बोलोन्याचे प्राध्यापक जाकोमो चामिचान यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात हाच विचार मांडला. कोळसा म्हणजे जुने साठवलेले ऊन. मग आजचे ऊन का वापरू नये? रुक्ष प्रदेशांत काचेच्या नळ्यांचे, धूर नसलेले कारखाने त्यांनी कल्पिले होते. आम्हां मराठवाड्याच्या माणसांना हे वाचून हुरूप येतो, हे लपवत नाही.

अडचण अशी की, औषधे ज्या सेंद्रिय पदार्थांपासून करतात ते बहुतेक रंगहीन. दृश्य प्रकाश त्यांच्यातून आरपार निघून जातो. अतिनील किरण लावावेत, तर ते नको तेथेही तोडफोड करतात. म्हणून मध्यस्थ हवा. तुमच्या बाजारातल्या अडत्यासारखा तो एकाकडून इलेक्ट्रॉन घेतो, दुसऱ्याला देतो आणि शेवटी होता तसाच उरतो. फरक इतकाच की, याची अडत प्रकाश भरतो! २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या डेव्हिड मॅकमिलन यांनी हे काम रुथेनियमच्या संयुगाकडून करून घेतले. त्याच पात्रात त्यांचा दुसरा, धातू नसलेला सेंद्रिय उत्प्रेरकही होता. तशा उत्प्रेरकांच्या शोधाबद्दल २०२१ चे नोबेल त्यांना आणि बेंजामिन लिस्ट यांना मिळाले. पण रुथेनियम, इरिडियम हे धातू दुर्मिळ. शिवाय गोळीत त्यांचा अंश राहू नये म्हणून माल पुन्हा शुद्ध करावा लागतो, आणि तो खर्च अखेर रोग्याच्याच माथी.

२०११ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग येथे किर्स्टेन झाइटलर, बुर्कहार्ड क्योनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रक्रियेत रुथेनियमच्या जागी इओसिन घातले. इओसिन म्हणजे तांबड्या शाईतला रंग. रोगनिदानासाठी पेशी गुलाबी रंगवतात तोही हाच. हिरवा प्रकाश शोषतो म्हणून तो आपणांस तांबडा दिसतो. हिरवा प्रकाश सोडताच कर्बाला कर्ब जुळला, आणि धातूचा कणही लागला नाही.

मात्र 'धातुविरहित' या शब्दाला आम्ही एकदम भुलत नाही. इओसिनमध्ये ब्रोमीन आहे. ज्या द्रावकांत हे सारे चालते ते गोमूत्र नव्हेत. आणि मोठी खोड ही की, प्रकाशावर राबणारा रंग प्रकाशातच विटतो. तुमच्या धोतरावरची गोष्टच तिथे घडते. विटलेल्या रंगाची भर पुनःपुन्हा घालावी लागली, तर स्वस्ताईचा हिशेब चुकतो. टिकाऊ सेंद्रिय रंग घडवणे, हेच आज या विषयातले खरे कष्टाचे काम आहे.

हळदीत बुडवलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या आणल्या आहेत. एक तीन दिवस उन्हात होती, दुसरी पेटीत. मेजावर ठेवल्या आहेत. जाताना पाहून जावे.