बंद रेडिओ आपणच उघडू या
(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्यापैकी अनेकींच्या माळ्यावर बंद पडलेला ट्रान्झिस्टर असेल. भंगारात देण्याआधी तो आपण स्वतः उघडावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुंबईत १९७३ साली सीप्झ सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जोडणीच्या कामावर प्रामुख्याने मुली घेतल्या गेल्या. अशा वेळी कारण दिलं जातं, मुलींची बोटं चपळ असतात! डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की ही चपळाई निसर्गाची देणगी नाही. शिवणटिपण करत घरी कमावलेलं ते कसब आहे. पण घरी शिकलेलं म्हणून ते कसबात धरत नाहीत आणि मजुरीही कमी देतात. भाग जोडायला बाई चालते, बिघाड शोधायला मात्र पुरुष लागतो. घरातही हीच वाटणी आहे.

ती मोडायला एक छोटं साधन करू. सेलवर चालणाराच ट्रान्झिस्टर घ्या आणि सेल काढा. विजेवरचे जुने व्हॉल्व्हचे सेट उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या कंडेन्सरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरू शकते.

स्पीकर, गँग कंडेन्सर, फेराइटची कांडी पुढच्या प्रयोगांसाठी जपून ठेवा. आज हवं चार सेलचं खोकं, थोडी वायर आणि पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांचा, म्हणजे ४७० ओहमचा रेझिस्टर. एक लाल एलईडी विकत आणा. सेलच्या अधिक टोकाला रेझिस्टर, त्याला एलईडीचा लांब पाय, आखूड पायाला एक वायर. दुसरी वायर उणे टोकाला. झाला टेस्टर! दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की दिवा लागतो.

आता इस्त्री तपासा. तिचा प्लग भिंतीतून काढलेलाच हवा. बटण पूर्ण फिरवून वायरी दोन बारीक पिनांना लावा. दिवा लागला तर आतली तार शाबूत. जाड पिन आणि इस्त्रीचा पत्रा यांत दिवा लागायलाच हवा, नाहीतर अर्थिंग तुटलं आहे. बारीक पिन आणि पत्रा यांत लागला, तर ती इस्त्री वापरू नका. शॉक बसतो तो रोज इस्त्री करणारीलाच.

प्रत्येक गटाने एक बंद रेडिओ आणि महिन्यातली एक दुपार यासाठी काढावी. शिकलेल्या प्रत्येकीने दोघींना शिकवावं. आणि या कामाला कसब म्हणायला आपणच सुरुवात करावी.