बांधकाम कामगाराचा पोशाख व अप्पमाद

(वर्षावास समाप्ती व चीवरदान कार्यक्रमात केलेले भाषण)



आज सकाळी आपण भिक्खुसंघाला चीवरदान केले. वर्षावास संपला. याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात दुसरीही एक हालचाल सुरू होते. सोयाबीन निघाले की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतून आपली माणसे बायकालेकरांसह पुणे, मुंबई, नागपूरकडे बांधकामावर जायला निघतात. कुणी गवंडी, कुणी सेंट्रिंगवाला, कुणी सळई बांधणारा, कुणी बिगारी, कुणी रेजा. त्यांच्या गाठोड्यात पीठ असते, तिखट असते, पांघरूण असते. परंतु डोक्याला हेल्मेट आणि पायाला धड बूट फार थोड्यांजवळ असतो. म्हणून आजच्या दिवशी मी कामावरच्या कपड्यांवर बोलायचे ठरविले आहे. विषय साधा वाटेल, पण तो जिवाशी निगडित आहे.

भिक्खू चीवर धारण करताना एक प्रत्यवेक्षण करतो. हे वस्त्र मी नटण्यासाठी घेत नाही. थंडी, उष्णता, डास, वारा, ऊन आणि सरपटणारे प्राणी यांपासून बचाव व्हावा आणि लज्जारक्षण व्हावे एवढ्यासाठीच घेतो, असा त्याचा भाव आहे. वस्त्र निवडण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही. हे कशापासून माझे रक्षण करणार, हा प्रश्न आधी विचारावा आणि मग खरेदी करावी.

विनयपिटकात राजा उदयन आणि आनंद यांची कथा आहे. राजवाड्यातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हे श्रमण करणार तरी काय? आनंदांनी सांगितले की, ज्या भिक्खूंची चीवरे झिजली त्यांना ही देऊ. जुन्या चीवरांची अंथरुणे करू, अंथरुणे जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरचे पसर, मग पाय पुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी त्या चिंध्या चिखलात मळून गिलावा करू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. टिकाऊपणा आणि काटकसर यांचा हा धडा गिलाव्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे आपल्या गवंडी बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनीही पोशाखाकडे केवळ कापड म्हणून पाहिले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी आपल्या आयाबहिणींना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्यावयास सांगितले. अंगावर काय घालावे हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, हे आपण तेथे शिकलो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कामाचे तास, खाणीतील स्त्रियांची सुरक्षा, प्रसूतीचे संरक्षण या प्रश्नांत त्यांनी लक्ष घातले. मजुराचे शरीर ही मालकाची वस्तू नव्हे, हा विचार त्यामागे होता.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू.

प्रथम डोके. हेल्मेट घेताना त्यावर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. २९२५ हा क्रमांक पाहावा. आतल्या बाजूस तयार झाल्याचा महिना व वर्ष कोरलेले असते, तेही पाहावे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि आपल्या विदर्भाचे ऊन आपणास माहीतच आहे. कवच आणि डोक्यावरच्या पट्ट्या यांच्यामध्ये जी पोकळी असते, तीच मार झेलते. आपले लोक त्या पोकळीत तंबाखूची पुडी, रुमाल, कधी मोबाईल ठेवतात. तसे केले की हेल्मेट असून नसल्यासारखे. हनुवटीची पट्टी बांधलीच पाहिजे, नाहीतर तोल जाताच माणसाआधी हेल्मेट खाली पडते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे.

दुसरे पाय. सेंट्रिंगच्या फळ्यांतले खिळे आणि पायावर पडणारी सळई यांना चप्पल थांबवू शकत नाही. पुढे पोलादी टोपी असलेला, आय.एस. १५२९८ क्रमांकाचा बूट घ्यावा. खिळ्यांचे काम असेल तर तळव्यात पोलादी पत्रा आहे का, हे दुकानदारास विचारावे. बूट संध्याकाळी, मोजा घालून घ्यावा, कारण दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बुटांचे काही तळवे आपोआप भुगा होतात, म्हणून तळवा वाकवून पाहावा. स्लॅब भरताना मात्र चामड्याचा बूट उपयोगाचा नाही, तेथे गमबूट हवा. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवावी. आत खोचली तर ओले सिमेंट सरळ बुटात उतरते.

तिसरे हात. ओले सिमेंट अतिशय क्षारयुक्त असते. ते कातडी जाळते, आणि त्यातील क्रोमियममुळे पुष्कळांना कायमची खाज व चट्टे येतात. ठेकेदार पुष्कळदा पांढरे सुती हातमोजे देतात. ओल्या मालात ते भिजतात आणि सिमेंट तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात. गवंड्याला रबराचे किंवा नायट्राइलचे, आतून सुती अस्तर असलेले मोजे पाहिजेत. सळई बांधणाऱ्यास तळहातावर चामडे असलेले मोजे चालतील. वेल्डरला मनगटाच्या वरपर्यंत येणारे चामड्याचेच मोजे हवेत.

येथे माझ्या नोकरीतला एक अनुभव सांगतो. मी बँकेत लिपिक आहे. बांधकामावरचे मजूर पैसे काढायला येतात, आधारच्या यंत्रावर अंगठा ठेवतात आणि यंत्र तो अंगठा ओळखत नाही. एकामागून एक सगळी बोटे लावून पाहतात. सिमेंट आणि विटा यांनी बोटांच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. आपल्या आजोबांच्या पिढीचा अंगठा निरक्षरतेची खूण होता आणि बाबासाहेबांमुळे आपण सही शिकलो. परंतु आज या माणसाचा अंगठाही त्याचा राहिलेला नाही. त्याचेच पैसे त्यालाच मिळेनात! ४०-५० रुपयांच्या मोजांअभावी एवढे घडते.

चौथे श्वास आणि डोळे. फरशी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कटरने कापताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. पुष्कळदा त्याला क्षय समजून वर्षानुवर्षे उपचार चालतात, आणि सिलिकोसिस झालेल्यास क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवीत नाही. आय.एस. ९४७३ क्रमांकाचा, एफ.एफ.पी.२ दर्जाचा मुखपट्टा घ्यावा. तो नाकावर नीट दाबून बसवावा. दाढी वाढलेली असेल तर बाजूने धूळ शिरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कापताना पाणी सोडावे, म्हणजे धूळ उडतच नाही. डोळ्यांना बाजूने झाकलेला चष्मा लावावा. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे आणि तडक दवाखाना गाठावा.

पाचवे उंचीवरचे काम. नुसता कमरेचा पट्टा बांधून वरून पडलेल्या माणसाची कंबर आणि पोट यांनाच झटका बसतो. खांदे, छाती आणि मांड्या यांना वेढणारा पूर्ण अंगाचा पट्टा, ज्याला हार्नेस म्हणतात, तोच घ्यावा. त्यास दोन दोर असावेत. एक सोडून पुढे सरकताना दुसरा अडकलेला राहतो. दोर डोक्याच्या वर, पक्क्या ठिकाणी अडकवावा. परांचीच्या बांबूला अडकवलेला दोर म्हणजे मनाची समजूत. एकदा ज्या पट्ट्याने पडणारा माणूस झेलला, तो पट्टा पुन्हा वापरू नये.

आता कपडे. आपल्या हवेत जाड सुती ड्रिलचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पँट सर्वांत चांगली. सुती कापड घाम शोषते. नायलॉन, पॉलिस्टर वेल्डिंगच्या ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. शिवण तिहेरी आहे का, हे मांड्यांच्या जोडाशी आणि काखेत ओढून पाहावे. साखळीत सिमेंट भरून ती अडकते, त्यापेक्षा बटणे बरी. लुंगी, लोंबणारा गमछा, गळ्यातील दोरा आणि हातातील कडे मिक्सरजवळ नको. रस्त्याच्या कामावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट पाहिजे, आणि मळून पट्टी चमकेनाशी झाली की ते बदलावे. कामाचे कपडे घरी लेकरांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

कोणी म्हणेल, एवढे महाग कसे परवडेल? हिशेब करून पाहू. धरा, ३०० रुपयांचा बूट दोन महिन्यांत उसवला. महिन्याचे २५ दिवस काम धरले तर ५० दिवस, म्हणजे रोजचे ६ रुपये. ९०० रुपयांचा बूट दहा महिने टिकला तर २५० दिवस, रोजचे ३ रुपये ६० पैसे. स्वस्त बूट महाग पडला, आणि खिळा लागून बुडालेली मजुरी मी यात धरलेलीच नाही.

आपल्या भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. ठेकेदार बूट आणतो ते ७-८ नंबरचे. ४-५ नंबरच्या पायात ते घालून जिना चढणे चपलेपेक्षाही धोक्याचे. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालण्याची आपल्या रेजांची रीत चांगली आहे. पदर मात्र शर्टाच्या आत खोचलेला असावा. डोक्यावर चुंबळ आणि घमेले असताना हेल्मेट घालता येत नाही, ही खरी अडचण आहे. यावर उपाय म्हणजे माल चढवायला कप्पी किंवा लिफ्ट, जमिनीवर हातगाडी आणि वर काम चालू असेल त्याखालून ओझ्याची वाट नाही. ही मागणी स्त्रियांनी एकटीने करू नये, सगळ्या टोळीने करावी.

मागणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही साधने मालकाची मेहेरबानी नव्हेत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली व तो कायदा तिच्यात सामावला गेला. सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टीचा आकार कामगाराकडून घेता येत नाही. बुटाचे पैसे मजुरीतून कापणारा ठेकेदार कायदा मोडतो. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम, एवढ्यावर नोंदणी होते. नोंदीत कामगारांसाठी मंडळाने सुरक्षा संचही वाटले आहेत. परंतु आपले पुष्कळ लोक ९० दिवसांच्या प्रमाणपत्रापाशी अडतात, किंवा दलालाला पैसे देऊन बसतात.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हेल्मेट घातले म्हणजे सर्व झाले, असे नाही. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्याच कामावर, शहापूरजवळ, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि २० जणांचा जीव गेला. शेकडो टनांखाली हेल्मेट काय करणार? मजबूत परांची, कडेला कठडा, खाली जाळी आणि तपासलेली यंत्रे ही मालकाची पहिली जबाबदारी. अंगावरचे साधन ही शेवटची भिंत. तिच्यावर भार टाकून पहिल्या भिंती कोणी पाडू नयेत.

भगवान बुद्धांचा अखेरचा उपदेश अप्पमादाचा, म्हणजे सदैव जागरूक राहण्याचा आहे. बांधकामावर अप्पमाद म्हणजे काय? चढण्याआधी दोर ओढून पाहणे, हनुवटीची पट्टी लावणे, फाटलेला मोजा टाकून देणे. हे रोज करायचे आहे. निरीक्षक येणार त्या दिवशी तेवढे करून भागत नाही.

शेवटी तीन सूचना करतो. पहिली, विद्यार्थ्यांनी दर रविवारी विहारात दोन तास बसून मंडळाच्या नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत आणि त्यासाठी कोणाकडूनही एक पैसा घेऊ नये. दुसरी, आता सांगितलेले क्रमांक व चिन्हे मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावावीत. तिसरी, आपल्या संस्थेने कल्याण निधीतून काही हेल्मेट, मोजे आणि बहिणींच्या मापाचे बूट घेऊन ठेवावेत. ज्याला ठेकेदाराने अजून दिले नाहीत, त्याने गावाहून निघताना ते न्यावेत, ठेकेदाराकडून मिळाले की परत पाठवावेत, आणि ते मागण्याचा हक्क मात्र सोडू नये.

येत्या आठ-पंधरा दिवसांत गाड्या भरतील. तेवढाच वेळ आपल्या हाती आहे.  नमो बुद्धाय! जयभीम!